नागपुरात मॉड्युलर किचन कोणाकडून करून घ्यावे? कोटेशन, प्लाय आणि हार्डवेअर कसे तपासावे

शोरूममध्ये शिरल्यावर पहिला विषय निघतो तो रंगाचा. वाइन रेड की ग्रे, ग्लॉसी की मॅट. खरे तर किचनमध्ये नंतर सहज बदलता येणारी गोष्ट हीच. दहा वर्षांनी रंगाचा कंटाळा आला तर शटर, म्हणजे कपाटांची दारे, उतरवून नवी लावता येतात. पण कपाटाचा सांगाडा फुगला, ट्रॉली खाली बसली किंवा वरची युनिट भिंतीतून सैल झाली तर ओट्यापर्यंत सगळे उचकटावे लागते. त्यामुळे पुरवठादार निवडताना रंगाच्या कार्डाइतकाच वेळ प्लायच्या कापलेल्या कडेकडे, बिजागरीवरच्या छापाकडे आणि कोटेशनच्या बारीक ओळींकडे द्यावा.

अडचण अशी की तीन ठिकाणी चौकशी केली तर तीन भाषांत उत्तरे येतात. एक जण रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीचा भाव सांगतो, दुसरा चौरस फुटाचा, तिसरा एकदम रक्कम लिहून देतो. अशा तीन कागदांची तुलना करता येत नाही आणि मग निर्णय डिस्काउंट पाहून होतो. यावर उपाय एकच: दुकानात जाण्याआधी तपशिलाचा कागद स्वतः करा आणि तोच कागद तिघांसमोर ठेवून भाव मागा. त्या कागदावर काय लिहायचे आणि का, ते पुढे येईलच. आधी पुरवठादार किती प्रकारचे असतात ते पाहू.

कोण काय देऊ शकतो

पहिला सुतार मिस्त्री. लकडगंजातून प्लाय आणतो, घरीच कापतो, घरीच जोडतो. त्याचे बळ म्हणजे जागेवरचे माप. भिंत तिरपी असो, कॉलम मध्ये आलेला असो, जुन्या ओट्याचे खण एकसारखे नसोत, तो प्रत्येक खणाचे वेगळे माप घेऊन काम बसवतो. कमजोरी कडेची. हाताने चिकटवलेली एज पट्टी (प्लायची कापलेली कड झाकणारी) मशीनच्या पट्टीइतकी कधीच बसत नाही आणि गॅसजवळ व सिंकजवळ ती आधी सुटते. मिस्त्रीला काम द्यायचे असेल तर मजुरीचा ठेका द्या आणि माल स्वतः बिलाने घ्या. माल-मजुरी एकत्र दिली की प्लायची प्रत नेमकी कोणी ठरवली, हे नंतर सांगता येत नाही.

दुसरा, स्वतःचे वर्कशॉप असलेला स्थानिक उत्पादक. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या बाजूला शेड, त्यात पॅनल सॉ, एज बँडिंग मशीन, बोरिंग मशीन. मध्यम बजेटच्या बहुतेक घरांना आम्ही हाच पर्याय आधी पाहायला सांगू. कडा मशीनने बंद होतात आणि काही चुकले तर बदली शटर गावातच बनते. मात्र शोरूम असणारा प्रत्येक जण उत्पादक नसतो. कित्येक जण जॉबवर्कने दुसऱ्याकडून कापून घेतात. त्यात वाईट काही नाही, पण "कापणी कुठे होते, बघायला येऊ का?" हे विचारा. वर्कशॉपमध्ये गेलात तर तीन गोष्टी बघा. पॅनल आडवे, सपाट रचलेले आहेत की भिंतीला टेकवून उभे ठेवलेत (उभे ठेवलेले वाकतात). प्रत्येक तुकड्यावर ग्राहकाचे नाव आणि कटलिस्टचा नंबर आहे का. आणि ताज्या पट्टीच्या कडेवर नख फिरवल्यावर ते कुठे अडकते का.

तिसरा, मोठ्या ब्रँडचा डीलर. माल बहुधा बाहेरगावच्या कारखान्यातून तयार होऊन येतो. फिनिश एकसारखे, भोके अचूक. पण मापे ठरलेल्या मॉड्यूलमध्ये असतात, ३००, ४५०, ६००, ९०० मिलिमीटर. तुमची भिंत त्यात बसली नाही की उरलेली जागा फिलर पट्टीने झाकतात. लहान स्वयंपाकघरात दोन्ही टोकांना चार-चार इंच असे गेले तर एक अख्खी बाटल्यांची ट्रॉली हातची जाते. वाहतुकीत एखादे शटर फुटले तर बदली येईपर्यंत थांबावे लागते. आणि बसवणारी माणसे कंपनीची नसून डीलरची असतात, त्यामुळे ब्रँड कितीही मोठा असला तरी निवडायचा असतो तो डीलरच.

चौथा प्रकार पूर्ण घराचे इंटिरियर करणाऱ्यांचा. त्यांच्याकडे किचन हा मोठ्या कामाचा एक भाग असतो आणि तो वरच्या तिघांपैकी कोणाकडून तरी करून घेतला जातो. तो कोणाकडून, एवढे लिहून घ्या.

"सगळं मरीनच आहे, भाऊ"

हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते. मरीन हा शब्द बोलण्यात इतका सैल झाला आहे की त्यावर विसंबून राहू नका. आयएस क्रमांक, म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक विचारा. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाच्या मरीन प्लायचे मानक आयएस ७१०. त्यात प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवल्यावरही थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात: बीडब्ल्यूआर, जी ओलावा बऱ्यापैकी सोसते, आणि एमआर, जी दमट हवा सोसते, पाणी नाही. एमआर प्लाय बेडरूमच्या कपाटाला ठीक, सिंकखाली अजिबात नाही.

शीटवर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का, ते कळते. पण ही तपासणी शीट अख्खी असतानाच होते. कापून, लॅमिनेट चढवून आलेल्या पॅनलवर शिक्का दिसत नाही. म्हणून करारातच लिहा: कापण्याआधी शीटच्या शिक्क्यांचे फोटो द्यायचे, किंवा आम्ही येऊन बघू. या एका ओळीवर पुरवठादार काय म्हणतो, त्यावरून बरेच कळते.

घरी करण्यासारखी परीक्षाही आहे. दुकानदाराकडून दोन इंच बाय दोन इंचांचा, कच्च्या कडांचा तुकडा मागा. जुन्या गंजात (पातेल्यात) पाणी घेऊन पाच-सहा तास मंद आचेवर उकळू द्या, पाणी आटले की वरून घालत राहा. युरिया गोंदाच्या एमआर प्लायचे थर सुटू लागतात आणि बोटाने वेगळे होतात. फिनॉलिक गोंदाचा बीडब्ल्यूपी तुकडा रंगाने काळवंडेल, पण एकसंध राहील. उकळण्याआधी कड उजेडात धरून बघा. थरांमध्ये पोकळी दिसली, काडी शिरेल एवढी, तर नेमक्या तिथे बिजागरीचा स्क्रू आला की तो धरणार नाही.

प्लायशिवाय आणखी काय सुचवले जाते? एचडीएचएमआर. दाट, ओलावारोधक फायबर बोर्ड, पृष्ठभाग सपाट असल्याने शटरला छान, विशेषतः ॲक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन रंग) करायचे असेल तर. कॅरकासलाही, म्हणजे कपाटाच्या सांगाड्यालाही चालतो, पण सिंकखाली आम्ही तो वापरणार नाही. साधा एमडीएफ आणि प्रीलॅम पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतात. कडेतून पाणी शिरले की फुगतात आणि वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. काही ब्रँडची सुरुवातीच्या किमतीची किचन पार्टिकल बोर्डाचीच असतात, हे विचारल्याशिवाय सांगितले जात नाही. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेला) किंवा पीव्हीसी बोर्ड पाण्याला दाद देत नाही, म्हणून सिंकखालच्या तळाला उत्तम. पण स्क्रू धरण्यात तो प्लायइतका भरवशाचा नाही, तेव्हा सगळे किचन त्याचे करण्याआधी ट्रॉलीचे रनर (ती ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) कशात ठोकणार ते विचारा.

कागदावर लिहायचे ते असे: कॅरकास १८ मिलिमीटर बीडब्ल्यूपी, आयएस ७१०, कंपनी अमुक, मागची पाठ किमान ६ मिलिमीटर, तीही त्याच प्रतीची (पाठ बहुतेक ठिकाणी ३-४ मिलिमीटर हार्डबोर्डची निघते आणि ओल आधी तिलाच लागते), बाहेर १ मिलिमीटर लॅमिनेट, आत ०.८ मिलिमीटर लायनर (आतल्या बाजूचे पातळ लॅमिनेट). कडा मशीनच्या, शटरला २ आणि कॅरकासला ०.८ मिलिमीटर.

आतल्या बाजूचे लायनर आपल्याकडे विशेष महत्त्वाचे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वरही जातो, हवा ठणठणीत कोरडी. मग दिवसभर डेझर्ट कूलर, म्हणजे घरात दमट वारा. आणि लगेच जून-जुलैचा पाऊस. लाकडी बोर्ड हा सगळा काळ आकसत-प्रसरत असतो. शटरच्या एका बाजूला लॅमिनेट आणि दुसऱ्या बाजूला नुसता रंग किंवा कागद असेल तर दोन बाजू सारख्या हालत नाहीत आणि शटर धनुष्यासारखे वाकते. चार फुटांहून उंच शटरला हे हमखास दिसते. दोन्ही बाजूंना लॅमिनेट हा सजावटीचा खर्च नाही. ही हौस नसून गरज आहे.

मशीनने कड लावताना वापरलेल्या गोंदाबद्दलही विचारा. ईव्हीए गोंद स्वस्त, पण उष्णतेने मऊ पडतो. पीयूआर गोंद पाण्याला आणि उष्णतेला जास्त टिकतो. निदान हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) दोन्ही बाजूंची आणि सिंकची शटर पीयूआरने करून द्याल का, एवढे विचारायला हरकत नाही.

फिनिशबद्दल थोडक्यात. रोज खमंग फोडण्या, रविवारी सावजी रस्सा, असे घर असेल तर मॅट किंवा सुएड लॅमिनेट सर्वात कमी त्रास देते. फक्त पांढऱ्या मॅटवर हळद बसली की लवकर निघत नाही. ॲक्रिलिक चकचकीत दिसते, पण घासणीने ओरखडे पडतात. पीव्हीसी मेंब्रेनची शटर हॉब आणि ओव्हनजवळ उष्णतेने सुटतात. हँडलशिवायची गोला प्रोफाइल हवी असेल तर त्या खाचेत पीठ आणि तेलाचा थर साचतो, आणि तो आठवड्याला पुसावा लागतो हे धरून घ्या.

भाव कमी, बिल जास्त

आता मोजणीकडे. इथेच सर्वात जास्त फसगत होते आणि तीही कोणी खोटे न बोलता.

समजा ओटा इंग्रजी एल आकाराचा आहे. एक भिंत १० फूट, दुसरी ७ फूट, ओट्याची खोली २ फूट. कोपऱ्याचा दोन फुटी चौकोन दोन्ही भिंतींत येतो. तो एकदाच धरला तर खालची लांबी १५ रनिंग फूट, दोनदा धरला तर १७. उंचीचेही तसेच. कपाटाची खरी उंची अडीच फूट, पण जमिनीपासून ओट्याच्या वरपर्यंत मोजली तर ३४ इंच, म्हणजे २.८३ फूट. वरच्या कपाटांची खरी लांबी ८ फूट आणि उंची २ फूट, पण चिमणीची रिकामी जागा धरली तर लांबी १० फूट.

पहिला पुरवठादार चौरस फुटाला १,४०० रुपये म्हणतो आणि सगळे बाहेरून मोजतो: १७ गुणिले २.८३ म्हणजे सुमारे ४८, अधिक २०, एकूण ६८ चौरस फूट. रक्कम ९५,२००. दुसरा १,७०० म्हणतो, पण कपाटच मोजतो: १५ गुणिले २.५ म्हणजे ३७.५, अधिक १६, एकूण ५३.५. रक्कम ९०,९५०. चौरस फुटाला तीनशे रुपये जास्त सांगणारा चार हजारांनी स्वस्त निघाला. हे भाव फक्त उदाहरणादाखल आहेत. मोजणीच्या पद्धती मात्र बाजारात दोन्ही चालतात.

म्हणून कोटेशन युनिटवार मागा. "सिंक युनिट, ९०० रुंद, कॅरकास अमुक, शटर २, बिजागऱ्या ४, रक्कम एवढी" अशी एकेका कपाटाची ओळ. यात कोपरा दोनदा मोजता येत नाही आणि रिकामी जागा विकता येत नाही. खाली वेगळ्या ओळींत लिहून घ्या: टोकाची पॅनेल, फिलर, स्कर्टिंग, हँडल, ग्रॅनाइटची कटाई आणि मोल्डिंग, सिंक-हॉबसाठीचे कटआउट, जुना ओटा तोडणे आणि मलबा उचलणे, वाहतूक, फिटिंग, आणि वरून १८ टक्के जीएसटी. वरच्या ९०,९५० वर हा कर १६,३७१ होतो, तेव्हा "टॅक्स वेगळा" हे दोन शब्द कोटेशनच्या तळाशी लहान अक्षरात असले तरी रक्कम लहान नाही. कच्च्या बिलात कर वाचतो खरा, पण पुढे तक्रार करायला हातात कागद राहत नाही, आणि बोर्ड किंवा हार्डवेअर कंपनीची वॉरंटी मागायलाही बिलच लागते.

ट्रॉली आणि बिजागऱ्या

आपण मऊ बंद होणाऱ्या प्रत्येक ड्रॉवरला "टँडम" म्हणतो. मुळात ते ब्लम या ऑस्ट्रियन कंपनीच्या उत्पादनाचे नाव. ब्लम, हेटिक, हाफेले, एबको अशा कंपन्यांच्या ड्रॉवर-सिस्टिम बाजारात आहेत, त्याचबरोबर बिननावाच्या कितीतरी आहेत, आणि सगळ्यांना दुकानात टँडमच म्हटले जाते. कोटेशनमध्ये "टँडम ३ नग" एवढेच असेल तर त्यातून काहीच कळत नाही. कंपनी, मॉडेल, लांबी (५०० मिलिमीटर घ्या, ४५० ने मागची दोन इंच जागा वाया जाते) आणि भारक्षमता लिहून घ्या. चमचे-वाट्यांना ३० किलोची पुरते. कुकर, लोखंडी कढई, तवे, पितळी गंज, पाच-पाच किलोचे डबे ज्या रुंद ड्रॉवरमध्ये जाणार, तिथे ५० किलो किंवा अधिक क्षमतेची मागा.

दुकानातला नमुना रिकामा असतो, त्यामुळे तो नेहमीच लोण्यासारखा सरकतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि पुढच्या कडेवर हाताने चांगला भार द्या. पुढचे टोक किती खाली जाते ते बघा. मग तसाच भार ठेवून बंद करा. स्वस्त रनर शेवटच्या दोन इंचांत अडखळतो किंवा एकदम आपटतो.

बिजागऱ्यांचा हिशेब साधा. शटर ९०० मिलिमीटरपर्यंत असेल तर दोन, १६०० पर्यंत तीन, त्याहून उंच असेल तर चार. उंच शटरला दोनच लावून वाचवलेले पैसे वर्षभरात लोंबणाऱ्या शटरच्या रूपाने दिसतात. खऱ्या कंपनीच्या बिजागरीवर नाव धातूत दाबलेले असते. नुसते स्टिकर असेल तर दुसरी मागा.

तारेच्या ट्रॉली घेणार असाल तर स्टेनलेस स्टील ३०४ की २०२, हा प्रश्न. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असते, २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवलेले. मिठाचा डबा, ओली भांडी, चिंचेचा कोळ यांच्या संगतीत २०२ वर तपकिरी ठिपके येतात. लोहचुंबकाने हे ओळखता येत नाही, कारण दोन्ही सहसा चुंबकाला फारसे चिकटत नाहीत. स्टीलवाल्यांकडे मँगनीज तपासण्याचे रसायन असते, थेंब टाकला की रंगावरून कळते. दुकानदाराला तुमच्यासमोर एका तारेवर थेंब टाकायला सांगा.

ओटा तोडायचा की ठेवायचा

नागपुरातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बिल्डर ग्रॅनाइटचा ओटा आणि खाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या देतो. शोरूममधला माणूस तो तोडायलाच सांगेल, कारण पूर्ण कॅरकास विकला जातो. ओटा सरळ असेल, उंची सोयीची असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे: तोडू नका. कडप्पा पाण्याने फुगत नाही आणि त्याला वाळवीही लागत नाही. त्या खणांत ट्रॉली आणि पुढे शटर एवढेच काम उरते, खर्चही बराच वाचतो. फक्त प्रत्येक खणाची रुंदी पुढे, मागे, वर, खाली अशी चार ठिकाणी मोजायला हवी. कडप्पा एक-दोन सेंटिमीटर तिरपा असणे नेहमीचेच आहे, आणि सर्वात कमी माप तेवढे खरे.

तोडायचाच असेल तर दोन आकडे लक्षात घ्या. २० मिलिमीटर ग्रॅनाइट चौरस फुटाला सुमारे ५ किलो. ३० चौरस फुटांचा ओटा म्हणजे दीडशे किलो, आणि तो सगळा भार कॅरकास आणि त्याच्या प्लास्टिक पायांवर येणार. पायांची संख्या आणि क्षमता विचारा, हॉब आणि सिंकच्या कटआउटला आधार कुठे देणार तेही. दुसरा आकडा उंचीचा: जो रोज स्वयंपाक करतो त्याने कोपर दुमडून उभे राहावे, जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घ्यावे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावे. पोळ्या लाटायला तेवढे खाली लागतेच. साधारण ३३-३५ इंच येते. सहा इंच वजा करणे जास्त वाटले तर चार करा, पण शोरूमच्या मापावर सोडू नका.

अंतिम माप टाइल्स आणि प्लंबिंग झाल्यावरच घ्यायचे. त्याआधी घेतलेले माप फक्त कोटेशनसाठी. पुरवठादाराचा माणूस माप घेताना कोपरा गुण्यात आहे का ते बघतो की नाही, याकडे लक्ष ठेवा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा काटकोनात आहे. एक इंचाचा फरक असेल तर ग्रॅनाइट आणि कोपऱ्यातली ट्रॉली दोन्ही अडणार.

वरच्या कपाटांसाठी भिंत कशाची आहे ते सांगा. नव्या इमारतींत फ्लाय ॲश विटा किंवा हलके ब्लॉक असतात. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिक प्लग नीट धरत नाही, लांब फ्रेम प्लग किंवा केमिकल अँकर लागतो. पाठीतून चार स्क्रू मारून टांगलेल्या कपाटापेक्षा रेल आणि सस्पेन्शन ब्रॅकेटवर बसवलेले कपाट घ्या. त्यात वर-खाली, मागे-पुढे जुळवता येते.

ड्रॉइंगवर सही करण्याआधी त्यात पाणी, निचरा आणि विजेचे प्रत्येक ठिकाण मिलिमीटरमध्ये असायला हवे. चिमणी हॉबच्या वर ६५ ते ७५ सेंटिमीटर. तिचा डक्ट ६ इंचांचा, शक्य तितका सरळ, कारण प्रत्येक वळणावर ओढ कमी होते. तर्रीच्या वाफेसाठी ही ओढ लागतेच. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर तो खण तळाशी बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळती झाली तर ती जमिनीलगत साठते, म्हणून शटरच्या खालच्या बाजूला जाळी किंवा फट हवीच. सिलिंडर उभा राहिला पाहिजे, आणि सुरक्षा पाइपवरची तारीख दिसेल व तो पाच वर्षांनी बदलता येईल इतका हात पोहोचला पाहिजे. बेसा, मनीषनगरकडच्या घरात बोअरचे जड पाणी असेल तर सिंकखाली जोडण्यांवर क्षार साचतात आणि गळती तिथूनच सुरू होते. तळाला ॲल्युमिनियमची ट्रे आणि पुढच्या कडेला उंचवटा मागून घ्या.

जुने काम बघून घ्या

पुरवठादाराने दाखवलेले ताजे किचन बघून काही कळत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचे काम मागा, म्हणजे ज्यावरून दोन मे आणि दोन पावसाळे गेले आहेत असे. घरच्या माणसांची परवानगी घेऊन तीनच जागा बघा. सिंकचे दार उघडून तळाच्या मागच्या कोपऱ्यावर बोट फिरवा: कड फुगलेली, लॅमिनेट उचललेले, कुबट वास? हॉबच्या बाजूच्या शटरची कड: पट्टी नखाने उचलली जाते का? आणि सर्वात जड ड्रॉवर: दोन बाजूंच्या फटी सारख्या आहेत का? घरातल्या बाईमाणसाला एक प्रश्न विचारा, "तक्रार केली तेव्हा किती दिवसांनी आले?" असे एकही जुने घर न दाखवणाऱ्याला यादीतून वगळा.

पैसे आणि कागद

पन्नास टक्के ॲडव्हान्स, चाळीस माल निघण्याआधी आणि दहा काम झाल्यावर, अशी रीत बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणजे माल बघण्याआधीच नव्वद टक्के पैसे गेलेले. याऐवजी बुकिंगला दहा, ड्रॉइंगवर सही झाल्यावर चाळीस, माल घरी येऊन कागदाशी ताडून पाहिल्यावर पस्तीस आणि शेवटचे पंधरा टक्के काम पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांनी, असे मागून बघा. थोडे मागेपुढे होईल, पण शेवटचा हप्ता सोडू नका. वास्तुशांतीची तारीख ठरली असेल तर ती पुरवठादाराला मुदत म्हणून न सांगता त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख करारात घाला आणि उशिराला आठवड्यामागे ठरावीक रक्कम वजा होईल असे लिहा. दिवाळीच्या तोंडावर सगळ्या वर्कशॉपवर गर्दी असते, तेव्हा दसऱ्यानंतर दिलेली ऑर्डर दिवाळीला मिळेल, असे धरू नका.

वॉरंटीत तीन वेगवेगळी आश्वासने एकत्र मिसळलेली असतात. बोर्डाची वॉरंटी बोर्ड कंपनीची, बिजागरी-रनरची हार्डवेअर कंपनीची, आणि फिटिंगची पुरवठादाराची. शेवटची किती वर्षे, त्यात किती भेटी विनाशुल्क आणि "पाण्याने झालेले नुकसान वगळून" असे वाक्य आहे का, ते वाचा. बीडब्ल्यूपीचे पैसे घेऊन वर पाण्याचे नुकसान वगळत असतील तर ते वाक्य खोडायला सांगा.

वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते, पुरवठादाराचे मुख्य कार्यालय कुठेही असो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरून दाखल होते. सही केलेले ड्रॉइंग, युनिटवार कोटेशन, जीएसटी बिल आणि शीटच्या शिक्क्यांचे फोटो त्यासाठी एका फाइलमध्ये ठेवा.

शेवटचा हप्ता देण्याआधीच्या पंधरा दिवसांत किचन भरून वापरा. डबे, कुकर, गंज सगळे जागेवर ठेवा, मगच ड्रॉवरच्या फटी बघा, कारण वजन आल्यावर त्या बदलतात. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद पसरून दहा मिनिटांनी ओल बघा. फिटरकडून बिजागरीचे तीन स्क्रू समजून घ्या: एक शटर डावी-उजवीकडे नेतो, एक आत-बाहेर, एक वर-खाली. पहिला पावसाळा संपल्यावर हे स्क्रू एकदा जुळवावे लागतातच, आणि ती भेट विनाशुल्क असेल असे बिलाच्या मागेच लिहून घ्या.